वर्गातील छायाप्रत आणि लेखकाचा हक्क

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शिक्षकांच्या शिबिरात मराठीच्या अध्यापनाविषयी बोलण्याचा योग आला होता. व्याख्यान संपले, आभारप्रदर्शन व्हायचे होते, तोच मागच्या रांगेतील एक शिक्षिका उठून उभ्या राहिल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. पाठ्यपुस्तकाबाहेरची एखादी कविता मुलांच्या हाती द्यायची, तर तिच्या छायाप्रती काढाव्यात की काढू नयेत? "आमच्या केंद्रात आता कोणीच काढत नाही, सर," असे त्या म्हणाल्या.

चौकशी करता उलगडा झाला. शेजारच्या एका शाळेने स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने नामवंत कवींच्या चाळीसएक कवितांची पुस्तिका छापली होती आणि गावात व तालुक्यात ती वीस रुपयांस विकली होती. एका प्रकाशकाची नोटीस आली. शाळेने दिलगिरी व्यक्त केली, उरलेल्या प्रती परत घेतल्या आणि प्रकरण तेथेच मिटले. बातमी मात्र फिरली ती एवढीच, की कविता छापली म्हणून शाळेला नोटीस आली. ‘पुस्तिका’ आणि ‘वीस रुपये’ हे दोन शब्द वाटेत कोठे तरी गळून पडले. परिणामी चार-सहा शाळांतील मुलांच्या हातून एक एक पान निसटले. ज्या शाळेत एखाद्या संग्रहाची एकच प्रत असते, तेथे ते पान न निघणे म्हणजे ती कविता मुलांपर्यंत न पोहोचणेच होय.

अशा भीतीचे मूळ कायद्यात नसून कायद्याच्या अज्ञानात असते. शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि गावातील अभ्यासिका चालविणारी ग्रामपंचायत या सर्वांना उपयोगी पडावे म्हणून या कायद्याचा शाळेशी संबंध असलेला भाग येथे मांडला आहे.

कायदा कशाचे रक्षण करतो?

आपल्या देशात स्वामित्वहक्काचा, म्हणजेच आपण ज्याला सर्रास कॉपीराइट म्हणतो त्याचा, कायदा १९५७ चा आहे. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. पुढे त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २०१२ ची दुरुस्ती शाळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

हा कायदा कल्पनेचे वा माहितीचे रक्षण करीत नाही. रक्षण करतो ते मांडणीचे, शब्दरचनेचे. पानिपतची लढाई १७६१ साली झाली, ही माहिती कोणा एकाच्या मालकीची नाही. परंतु त्या लढाईवर एखाद्या इतिहासकाराने लिहिलेले प्रकरण त्याच्या मालकीचे असते. शिक्षकाने ते वाचून स्वतःच्या शब्दांत टिपण तयार केले, तर त्यात हक्कभंग नाही. किंबहुना चांगल्या अध्यापनाची तीच रीत आहे.

हा हक्क मिळण्यासाठी नोंदणीची अट नाही. कविता लिहून झाली, चित्र काढून झाले, की हक्क आपोआप निर्माण होतो. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजावयाची असतात. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ चे. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपण्याची वेळ आली, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली.

मराठी शिक्षकाने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळे झाले आहे. केशवसुत, बालकवी, गडकरी हे तर त्याच्या कितीतरी आधीपासून मोकळे आहेत. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत मात्र हिशेब थोडा निराळा पडतो. त्यांचे निधन डिसेंबर १९५१ मध्ये झाले आणि त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली ती १९५२ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या साहित्याची साठ वर्षे प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. म्हणून ती गाणी २०१२ अखेरपर्यंत संरक्षित होती. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे हे दोघेही १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ चे असल्याने त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील. ज्यांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीस, प्रत्येक शाळेत मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो, त्यांचीच कविता अद्याप संरक्षित आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

येथे एक फसगत संभवते. ज्ञानेश्वरी वा तुकोबांची गाथा कोणाच्याही मालकीची नाही, हे खरे. पण ज्ञानेश्वरीचा अलीकडे एखाद्या अभ्यासकाने केलेला गद्य अनुवाद, त्यावरील टीपा व प्रस्तावना ही त्या अभ्यासकाची निर्मिती असते. तुकोबांचा अभंग मोकळा असला, तरी तो एखाद्या गायकाने गायिलेली ध्वनिमुद्रिका मोकळी असेलच असे नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो.

वर्गाच्या उंबरठ्याच्या आत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कायद्याच्या कलम ५२ मध्ये कोणती कृत्ये हक्कभंग ठरत नाहीत, याची लांबलचक यादी आहे. तीतील खंड (आय) असे सांगतो की, अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत केली, तर तो हक्कभंग नव्हे. परीक्षेच्या प्रश्नांचा भाग म्हणून आणि त्या प्रश्नांच्या उत्तरांत केलेली प्रतही हक्कभंग नव्हे. तेव्हा तीस मुलांच्या वर्गासाठी कवितेच्या तीस छायाप्रती काढणे, ती फळ्यावर लिहिणे, तक्त्यावर उतरविणे, प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा म्हणून देणे, या सर्वांस कायद्याची मोकळीक आहे. त्यासाठी कोणाची परवानगी नको आणि शुल्कही नको.

या तरतुदीचा अर्थ किती व्यापक घ्यावयाचा, हा प्रश्न एका गाजलेल्या खटल्यात उभा राहिला. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे छायाप्रतींचे एक लहानसे दुकान आहे. प्राध्यापकांनी अभ्यासासाठी नेमलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून, त्या एकत्र बांधून, हे दुकान विद्यार्थ्यांना देत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षकही आपली बाजू मांडण्यासाठी न्यायालयात उतरले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. आपल्या विद्यार्थिदशेत मुले पाळीपाळीने ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत, याची आठवण त्यांनी निकालपत्रात नमूद केली आहे. जे काम हाताने केले तर दोष नाही, ते यंत्राने केले म्हणून दोषास्पद कसे ठरेल, असा त्या विवेचनाचा रोख आहे. (ज्यांनी स्टेन्सिल कापून चक्रमुद्रणाच्या शाईने हात काळे केले आहेत, त्या जुन्या शिक्षकांना हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.) ९ डिसेंबर २०१६ रोजी द्विसदस्य पीठाने अपिलात याच भूमिकेला मान्यता दिली. अध्यापन म्हणजे केवळ तासभर चालणारे व्याख्यान नव्हे. त्याआधीची तयारी आणि नंतरचा अभ्यासही त्यात येतो. किती पाने घेतली, हा आकडा निर्णायक नाही. अध्यापनाच्या हेतूसाठी तेवढ्या मजकुराची आवश्यकता होती काय, ही खरी कसोटी आहे. नेमलेला मजकूर या कसोटीस उतरतो का, एवढा मुद्दा तपासण्यासाठी प्रकरण परत पाठविण्यात आले. तथापि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. पुढे मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

हा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. आपल्याकडील न्यायालयांवर तो बंधनकारक नसला, तरी एकाच केंद्रीय कायद्याचा तो इतका विस्तृत विचार आहे की, महाराष्ट्रातील शिक्षकानेही त्याच्या आधारे निर्धास्त राहण्यास हरकत नाही. मात्र ‘आवश्यकता’ या शब्दावर बोट ठेवले पाहिजे. एका धड्यासाठी एक कथा हवी असताना अख्खा कथासंग्रह छापून घेणे, आणि तोही बाजारात शंभर रुपयांस सहज मिळत असताना, हे या कसोटीत बसविणे कठीण जाईल. माझ्या मते येथे कायद्यापेक्षा शिक्षकाची सारासार बुद्धी अधिक उपयोगी पडते.

उंबरठा ओलांडल्यावर

तीच कविता वर्गाबाहेर पडली की कायद्याची नजर बदलते. वर उल्लेखिलेल्या शाळेने जे केले ते अध्यापन नव्हते, प्रकाशन होते. त्याच न्यायाने जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र बांधून प्रश्नसंच म्हणून विकणे, शिकवणीवर्गाने इतरांच्या पुस्तकांतील उतारे जोडून आपल्या नावाची पुस्तिका काढणे, यांस प्रश्नपत्रिकेची वा अध्यापनाची सवलत लागू होते असे मानून चालू नये.

शाळेला संग्रह काढावयाचाच असेल, तर खंड (एच) मध्ये एक अरुंद वाट आहे. असा संग्रह मुख्यतः हक्कमुक्त साहित्याचा असावा, तो शिक्षणासाठी असल्याचे मुखपृष्ठावर व जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले असावे, त्यात संरक्षित पुस्तकांतील केवळ लहान उतारे असावेत आणि ती पुस्तके मुळात शाळांसाठी काढलेली नसावीत. त्याच लेखकाचे दोहोंपेक्षा अधिक उतारे त्या प्रकाशकाने पाच वर्षांत घेता कामा नयेत. संतकवींपासून बहिणाबाईंपर्यंतचा मोठा ठेवा मोकळा असताना, त्यात दोन-चार आधुनिक उताऱ्यांची भर घालून सुरेख संग्रह होऊ शकतो. राहिलेल्या कवितांसाठी कवीला किंवा त्याच्या वारसांना एक पत्र लिहावे. अनुभव असा की, शाळेकडून आलेल्या अशा पत्राला मराठी कवी सहसा नकार देत नाहीत. उलट स्वहस्ताक्षरातील उत्तर येते आणि ते फलकावर लावण्याजोगे असते.

दूरध्वनीवरील गट आणि यूट्यूब वाहिन्या यांचा प्रश्न आता घरोघरी आला आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा शिक्षकांनी मोठ्या कष्टाने धड्यांच्या चित्रफिती तयार केल्या. आपल्या वर्गातील मुलांच्या गटात एखादे पान पाठविणे हे अध्यापनाच्या मर्यादेत राहते, असे म्हणता येईल. परंतु तेच पुस्तक संपूर्ण स्वरूपात सर्वांसाठी खुले करून ठेवणे निराळे, कारण कायद्यात शिक्षक आणि विद्यार्थी असे शब्द आहेत, आणि सारे जग आपले विद्यार्थी नसते. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळत असल्याने त्यांची फाईल फिरविण्यापेक्षा तेथील दुवा पाठविणे केव्हाही सोयीचे. ‘विनामूल्य’ म्हणजे ‘हक्कमुक्त’ नव्हे, हेही येथेच सांगावयास हवे. पुस्तकाच्या आतील पानावर हक्कासंबंधीची सूचना असते. ती एकदा तरी वाचावी.

संमेलन, नाटक आणि अभ्यासिका

स्नेहसंमेलनाविषयी कायदा उदार आहे. शाळेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून शिक्षक व विद्यार्थी नाटक, कविता वा गीत सादर करतात, ध्वनिमुद्रित गाणे लावून नृत्य बसवितात, आणि प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक व शाळेच्या कामाशी संबंधित मंडळी एवढेच असतात, तेव्हा खंड (जे) अन्वये हक्कभंग होत नाही. खेड्यात मात्र या मर्यादेची गंमत होते. संमेलनाला अख्खे गाव लोटते आणि गावात पालक नाही असा माणूस शोधावा लागतो! त्यावरून कोणी खटला भरील असे वाटत नाही. परंतु इमारत निधीसाठी तिकीट लावून बाहेरच्या प्रेक्षकांना बोलाविले, की तो शाळेचा घरगुती कार्यक्रम राहत नाही. मग नाटककाराची लेखी परवानगी घेणे आणि मानधन पाठविणे क्रमप्राप्त होते. मराठी नाटकांच्या छापील प्रतींत आरंभीच याविषयीची सूचना असते. तालमीच्या गडबडीत तेवढे पान उलटले जाते.

गावातील तरुण मंडळांनाही एक सवलत आहे. हौशी मंडळाने विनाशुल्क प्रेक्षकांपुढे, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. यात्रेतील नाटकाची परंपरा या तरतुदीमुळे निर्वेध चालू राहू शकते.

शाळा सुटल्यानंतरचे दोन-तीन तास हा ग्रामीण मुलांच्या आयुष्यातील फार मोलाचा काळ असतो. अनेक ग्रामपंचायतींनी समाजमंदिरात वा वाचनालयात अभ्यासिका सुरू केल्या आहेत. गावातीलच महाविद्यालयीन मुले-मुली तेथे लहानांचा अभ्यास घेतात. ही ताई किंवा दादा कायद्याच्या भाषेत ‘शिक्षक’ ठरतात काय? कायद्याने या शब्दाची व्याख्या केलेली नाही. दिल्लीच्या निकालाने अध्यापनाचा जो विस्तृत अर्थ घेतला आहे, तो पाहता नियमित, विनाशुल्क चालणाऱ्या अभ्यासिकेत गणिताचे एक पान वा एखादी गोष्ट काढून देण्यास धास्तावण्याचे कारण दिसत नाही. सुरक्षित मार्ग हवा असेल, तर अभ्यासिका शाळेला जोडून घ्यावी आणि कोणते साहित्य वापरावयाचे ते वर्गशिक्षकाने ठरवून द्यावे. त्यात शैक्षणिक लाभही आहे, कारण ताईला काय शिकवावे याचे मार्गदर्शन मिळते आणि शिक्षकाला मूल कोठे अडते ते कळते. शिवाय सार्वजनिक ठिकाणी प्रकाशित साहित्यातील वाजवी लांबीचा उतारा वाचून दाखविण्यास कोणासही मुभा आहे. सायंकाळच्या गोष्टीच्या तासाला परवान्याची गरज नाही.

वाचनालयांसाठी खंड (ओ) विशेष उपयोगाचा आहे. जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला आपल्या ग्रंथालयासाठी करून घेता येतात. ज्याची छापील प्रत संग्रही आहे, ते पुस्तक जपणुकीसाठी संगणकीय स्वरूपात साठविण्याचीही अनुज्ञा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. आपल्या खेड्यापाड्यांतील वाचनालयांत स्थानिक इतिहासाची, बोलीतील गाण्यांची, पुन्हा कधीच न छापलेली पुस्तके वाळवीच्या तोंडी जात आहेत. ग्रामपंचायत सदस्यांनी या एका तरतुदीचा लाभ घेतला, तरी पुष्कळ वाचेल.

ज्यांना छापील पान वाचता येत नाही

२०१२ च्या दुरुस्तीतील सर्वांत मानवी तरतूद दिव्यांग मुलांसाठी आहे. अंध वा अल्पदृष्टी मुलासाठी कोणतेही पुस्तक ब्रेलमध्ये उतरविणे, मोठ्या अक्षरांत काढणे, वाचून ध्वनिमुद्रित करणे यांस खंड (झेडबी) अन्वये परवानगी लागत नाही. अट एवढीच की त्यात नफा नसावा, फार तर निर्मितीचा खर्च घ्यावा, आणि ती प्रत ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच हाती जावी. याच विषयावरील मराकेश करारास मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला, २०१४ साली. एखाद्या गावातील दहावीच्या मुलीने शेजारच्या अंध मुलासाठी पुस्तकाचे धडे भ्रमणध्वनीवर वाचून ठेवले, तर ती या तरतुदीचाच वापर करीत असते.

मूल हाही लेखक असतो

आतापर्यंत इतरांच्या हक्काविषयी झाले. मुलांच्या स्वतःच्या हक्काचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्या शाळांत वार्षिक हस्तलिखिताची जुनी आणि सुंदर प्रथा आहे. सहावीतील मुलीने त्यात विहिरीवर चार ओळी लिहिल्या, तर त्यांची स्वामिनी तीच. शाळा नव्हे, संपादक शिक्षकही नव्हे. नव्वद वर्षांच्या ख्यातनाम कवीला जो हक्क आहे, तोच तिलाही आहे. लेखक म्हणून आपले नाव लावले जावे हा कलम ५७ मधील अधिकार तर हक्क विकल्यावरही लेखकापाशी राहतो.

एका शाळेत मी हे प्रत्यक्ष पाहिले. एका संस्थेने तेथील मुलांची बारा चित्रे नेली आणि त्यांची दिनदर्शिका छापली. दिनदर्शिका देखणी होती, देणगीदारांना वाटली गेली. पण एकाही चित्राखाली नाव नव्हते. ज्या मुलाचे चित्र जून महिन्यावर होते, तो ते पान सर्वांना दाखवीत हिंडे आणि ‘हे तुझेच कशावरून?’ या प्रश्नावर गप्प होई. मुख्याध्यापकांनी संस्थेला एक सौम्य पत्र लिहिले. पुढील वर्षीच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चित्राखाली नाव, इयत्ता आणि गाव छापून आले. चित्रे नेण्यापूर्वी पालकांच्या संमतीचे अर्जही आले.

त्या शाळेने तेव्हापासून हस्तलिखिताच्या दप्तरात एक वही ठेवली आहे. कोणाची कविता, कोणाचे चित्र, ते बाहेर कोणी मागितले, पालकांची सही कोणत्या तारखेस घेतली, याच्या नोंदी तीत होतात. वही दोनशे पानी आहे. मुख्याध्यापकांनी ती मला दाखविली, तेव्हा तिची पहिली चौदा पाने भरली होती.